हमको ढकलो मत!

चाकाची खुर्ची दिसली की ती ढकलायची, हा आपल्याकडचा संस्कार आहे. शाळेत शिकवत नाहीत, घरी सांगत नाहीत, तरी अंगात येतो. खुर्चीत बसलेल्या माणसाला कुठं जायचंय हे विचारायला मात्र कोणाला सवड नसते. आधी ढकलायचं, दिशेचं नंतर बघू.

माझ्या आत्याची खुर्ची बॅटरीवर चालते. उजव्या हाताशी एक दांडी आहे, तिला जॉयस्टिक म्हणतात. ती पुढं रेटली की खुर्ची पुढं जाते, मागं ओढली की मागं येते आणि सोडून दिली की थांबते. थांबते म्हणजे अशी, की मोटरींतले विजेचे ब्रेक चाकं घट्ट धरून बसतात. उतारावर खुर्ची आपल्या मनानं निघून जाऊ नये म्हणून ही सोय. पण अशा थांबलेल्या खुर्चीला पाठीमागून एखाद्या पुण्यवंतानं जोर लावला, तर खुर्ची तसूभर हलत नाही. आतला माणूस तेवढा पुढं सरकतो. पुण्यवंताला वाटतं, चाक अडकलंय. तो आणखी जोर लावतो. मग आजूबाजूचे दोघंतिघं हातभार लावतात. आम्ही दोघं बनारसला गेलो होतो. तिथं हातभार लावायला माणसं कमी पडत नाहीत, कारण दुसरं काही लावायला कोणी घराबाहेर पडलेलंच नसतं. आत्यानं सत्तरी कधीच ओलांडली असली तरी तिचा आवाज अजून आठवी 'ब' गप्प करील असा आहे. तो आवाज गोदौलियाच्या चौकात वरचेवर उठायचा:

"हमको ढकलो मत! हमारा गाडी आपोआप चलता है!"

यातलं 'आपोआप' कोणाला कळायचं नाही. 'मत' गर्दीच्या गोंगाटात विरून जायचं. 'ढकलो' तेवढं स्पष्ट ऐकू यायचं, आणि लोक आज्ञाधारक होते.

आत्या सांगलीची. आयुष्यभर भूमिती शिकवली, लग्न केलं नाही, कोणाचं ऐकलं नाही. 'काशीस जावे, नित्य वदावे' ही म्हण आमच्या घराण्यानं फार मनावर घेतली होती. आजोबा नित्य वदत गेले, माझे वडील वदत गेले. आत्याही वदत होती. मग तिचे दोन्ही गुडघे आणि कंबर यांनी मिळून संप पुकारला, तेव्हा घरच्यांना वाटलं की आता वदणंही बंद होईल. तिनं भविष्य निर्वाह निधीतली एक ठेव मोडली, घडीची विजेवरची खुर्ची मागवली आणि म्हणाली, "वदणं पुरे." सोबतीला मला निवडलं. मी का, असं विचारलं तर म्हणाली, "घरात रिकामा तूच आहेस."

विमानतळावर पहिला अडथळा गुणाकाराचा आला. तिथं चाकाच्या खुर्च्यांची मोठी रांग होती. विमानवाल्यांकडे अशा प्रवाशांच्या तीन इयत्ता असतात: लांब चालवत नाही पण पायऱ्या चढतो तो पहिलीत, पायऱ्याही चढवत नाहीत तो दुसरीत, अजिबातच चालवत नाही तो तिसरीत. रांगेतल्या बऱ्याच जणांची इयत्ता मला ओळखता येईना. पुढं बनारसला सामानाच्या पट्ट्यावर आपली बॅग दिसताच त्यातले कितीतरी जण ताडकन उठून धावले. विश्वनाथाचं दर्शन व्हायच्या आतच गुण आला!

तर गुणाकार. खुर्चीची लिथियम बॅटरी काढता येत असेल तर ती तीनशे वॉट-अवरपेक्षा मोठी चालत नाही, दोन बॅटऱ्या असतील तर प्रत्येकी एकशेसाठ, आणि ती काढून हातातल्या सामानात, वर घेऊन बसायची. असा नियम आहे आणि तो आत्याला पाठ होता. काउंटरवरच्या तरुणाला नव्हता.

"बॅटरी किती वॉट-अवर आहे?"

"चोवीस व्होल्ट, दहा अँपिअर-अवर," आत्या म्हणाली. "गुणा."

"वॉट-अवर कुठं लिहिलंय?"

"चोवीस लिहिलंय, दहा लिहिलंय."

"दोनशेचाळीस कुठं लिहिलंय?"

"ते आपण काढायचं असतं, बाळा."

त्यानं वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी मोबाइलवर गुणाकार केला, मग खात्रीसाठी उलटा केला, दहा गुणिले चोवीस. उत्तर तेच आलं तेव्हा त्यांना बरं वाटलेलं दिसलं. तेवढ्यात तिसऱ्यानं येऊन बॅटरी विमानाच्या पोटात टाकायला सांगितली, आणि आत्यानं त्याला पाच मिनिटं उभं करून धडा शिकवला. शेवटी खुर्ची पोटात गेली, बॅटरी माझ्या खांद्याला आली आणि आत्याला विमानतळाच्या साध्या खुर्चीत घालून एक मुलगा ढकलत निघाला. अर्ध्या वाटेत त्यानं मला अदबीनं विचारलं, "आजी पाणी घेतील का?"

"थांब हं," आत्या म्हणाली. "आजींना विचारून सांगते."

बनारसच्या बाबतपूर विमानतळाच्या बाहेर टॅक्सीची डिकी उघडली तर आत गॅसची टाकी मांडी घालून बसलेली. खुर्ची मग पुढच्या सीटवर ठेवली, आत्या मागं, आणि मी बॅटरीसह जिथं उरेन तिथं. ड्रायव्हरनं खुर्चीला सीटबेल्ट लावला. मला लावला नाही.

अशी खुर्ची मुळात निघाली ती दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी. कॅनडातल्या जॉर्ज क्लाइन नावाच्या अभियंत्याचं ते काम. पुढं १९६८ साली अमेरिकेत, मिशिगनमध्ये, अ‍ॅलन थीम यांनी घरच्या आजारी माणसासाठी हँडलवाली तीनचाकी स्कूटर बनवली आणि तिचं नाव ठेवलं 'अमिगो', म्हणजे दोस्त. दोघांची बुद्धी मान्य केलीच पाहिजे. पण गल्लीत आडवा बसलेला सांड हा घटक दोघांच्याही आराखड्यात नव्हता.

सांडाकडे येतो. त्याआधी पोलीस येतो.

गोदौलियापासून दशाश्वमेधाकडे वाहनं सोडत नाहीत. तिथं लोखंडी अडथळे लावलेले असतात आणि त्यांच्यामागं शिट्टी असते. शिट्टी वाजली.

"गाड़ी आगे नहीं जाएगी।"

"ये गाडी नहीं है," आत्या म्हणाली.

"अभी तो आप ही चिल्ला रही थीं, हमारा गाड़ी चलता है।"

इथं मी मध्ये पडलो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात, २०१९ च्या दुरुस्तीपासून, 'अ‍ॅडॅप्टेड व्हेइकल' म्हणून एक वेगळा प्रकारच सांगितलेला आहे. अपंग माणसासाठी मुद्दाम बनवलेलं किंवा बदलून घेतलेलं आणि फक्त त्याच्याच कामी येणारं मोटार वाहन. हे मी मला जमेल तितक्या शुद्ध हिंदीत समजावून सांगितलं. हवालदारानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मतलब कानून में भी गाड़ी है।"

"हो, पण..."

"नंबर प्लेट कहाँ है?"

आत्यानं माझ्याकडे जे पाहिलं, ते आठवीतल्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं असणार. मग तिनं खुर्चीचा जास्तीत जास्त वेग सांगितला: ताशी सहा किलोमीटर. हवालदाराला हसू आलं. आपल्या आयआयटी मद्रासमध्ये घडलेली 'निओबोल्ट' २०२१ साली बाजारात आली. साध्या खुर्चीला पुढून मोटरचं चाक जोडायचं, की ती ताशी पंचवीसपर्यंत पळते. तसं काही असतं तर हवालदारानं पावती फाडली असती. सहाच्या वेगाला मात्र तो विरघळला. किती रुपयांची, एका चार्जिंगमध्ये किती जाते, पावसात चालते का, हे सगळं त्यानं विचारून घेतलं, अडथळा स्वतःच्या हातानं बाजूला केला आणि "आइए माताजी" म्हणत मागून ढकलायला लागला.

ती अर्थातच हलली नाही.

हे पाहून एक टोटोवाला आपला टोटो रस्त्याच्या मधोमध सोडून आला. ई-रिक्षाला तिकडे टोटो म्हणतात. विजेवर चालणारं काहीही बिघडलं तर ते आपल्या अखत्यारीत येतं, असं त्याचं मत. त्यानं वाकून पाहिलं आणि त्याला तो खटका सापडला. अशा बहुतेक खुर्च्यांना मोटरीपाशी एक खटका असतो. बॅटरी संपली तर ढकलता यावी म्हणून. तो फिरवला की मोटर चाकापासून सुटते आणि ब्रेकही सुटतो. "क्लच है इसमें!" असं म्हणून त्यानं तो फिरवला. हवालदार अजून ढकलतच होता. आणि दशाश्वमेधाचा रस्ता नदीकडे, म्हणजे उतरत जाणारा आहे, हे भूगोलाच्या पुस्तकात नसलं तरी खुर्चीला कळलं.

आत्या त्या दिवशी ताशी सहाच्या पुढं गेली. मी मागून धावत होतो, हवालदार शिट्टी वाजवत माझ्या मागून, आणि टोटोवाला "ब्रेक! ब्रेक!" असं ओरडत त्याच्या मागून. लोक बाजूला होत होते. बनारसमध्ये लोक बाजूला होतात हे दृश्य विरळा, त्यामुळे ते पाहायला आणखी लोक जमले. एका भाजीवालीच्या भोपळ्यांनी खुर्ची अडवली. मी धापा टाकत पोचेपर्यंत आत्या भोपळ्याचा भाव करत होती.

तिथंच एक गृहस्थ भेटले. पान-सुपारीचं दुकान थाटलेल्या तीनचाकी मोटर सायकलवर बसलेले, अपंगांना सरकारकडून मिळते तसली ती गाडी. २२ जानेवारी २०१६ ला पंतप्रधानांनी याच शहरात, डिझेल लोको वर्क्सच्या मैदानावर, दिव्यांगांना उपकरणं वाटली होती. तेव्हापासून अशा गाड्या बनारसच्या रस्त्यावर नवलाच्या राहिलेल्या नाहीत. आमचा सगळा तमाशा त्यांनी पान लावता लावता पाहिला होता. म्हणाले, "माताजी, दो बात याद रखिए। हॉर्न मत बजाइए, 'महादेव' बोलिए, रास्ता मिल जाएगा। और कोई ढकेले तो ढकेलने दीजिए। दो मिनट में थक जाते हैं। रोकिए तो बुरा मान जाते हैं।"

पहिली गोष्ट आत्यानं लगेच उचलली. दुसरी तिच्या तत्त्वात बसली नाही.

आता सांड. काशीत राहायचं तर चार गोष्टींपासून जपावं, असं तिथली एक जुनी म्हण सांगते. चारांतली पहिली छापण्याजोगी नाही, शेवटचा संन्यासी, आणि मधले दोन म्हणजे सांड आणि सिढी. चाकाच्या खुर्चीवाल्यासाठी याहून नेमकी मार्गदर्शिका अजून कुठल्या खात्यानं काढलेली नाही. पक्का महाल या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून छत्री उघडून कोणी आला तर त्याला ती मिटावी लागते. अशा गल्लीत मध्यभागी एक पांढरा सांड बसला होता, डोळे मिटून. आत्या त्याच्यापुढं येऊन थांबली.

"महादेव!" आत्या म्हणाली.

त्यानं एक डोळा उघडला आणि मिटला. ओट्यावर बसलेल्या एकानं सांगितलं, "अभी उठेगा नहीं। चार बजे उठता है।"

खुर्ची वळवायला तिच्या लांबीइतकी तरी जागा लागते. गल्लीत ती नव्हती. आत्यानं रिव्हर्स टाकला. खुर्ची मागं जाताना पीं-पीं वाजते. पण मागं तोवर दोन मोटारसायकली, दुधाच्या किटल्या लटकवलेली एक सायकल, दक्षिणेकडचे दहाबारा यात्रेकरू आणि त्यांचा गाइड येऊन उभे होते. सगळ्यांनी मागं जायचं ठरलं आणि प्रत्येकानं दुसऱ्याला ते सांगितलं. त्या गोंधळात सांडापलीकडून आवाज आला: "राम नाम सत्य है!"

मणिकर्णिकेकडे निघालेली तिरडी होती. आवाज ऐकताच सांड उठला, अंग झटकलं आणि एका बोळात शिरून त्यानं वाट मोकळी केली. शिष्टाचार त्याला माहीत होता. आता तिरडी आणि आत्या समोरासमोर. एकानं वाट दिल्याशिवाय दुसऱ्याला जाता येणार नाही. पुढचा खांदेकरी तोंडातलं पान एका गालात सारून अतिशय आदरानं म्हणाला,

"माताजी, पहले आप निकल लीजिए। इनको कोई जल्दी नहीं है।"

"हमको भी नहीं है!" आत्या म्हणाली.

खांदेकरी हसले. हसू नये खरं, पण हसले. मग आत्याला डाव्या हाताला एक दार दिसलं, गल्लीच्या पातळीवर, एकही पायरी नसलेलं. अख्ख्या गल्लीत तेवढंच. ती पीं-पीं करत उलटी त्यात शिरली आणि तिरडी पुढं गेली. आतून आवाज आला, "आइए माताजी, बनारसी दिखाएँ?"

साडीचं दुकान होतं. गिऱ्हाईक पाठमोरं आलंय याचं शेटजींना काही वाटलं नाही. तासाभरानं आम्ही बाहेर पडलो ते दोन साड्या घेऊन, आणि साड्या माझ्या दुसऱ्या खांद्याला. दोन फूट उंच जोत्यांवर बसलेले शेजारचे दुकानदार शेटजींच्या नशिबाबद्दल बोलत होते.

जोतं म्हटलं की आत्याचा विषय निघतो. रॅम्पचा उतार एकास बारा असावा, हा तिचा वेद. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी. तिच्या पर्समध्ये मोजपट्टी असते. काशीत शिरल्यापासून ती दिसेल त्या रॅम्पला लावत होती आणि मार्क देत होती. एका बँकेच्या दाराशी एकास तीन निघाला. आत जाऊन तिनं व्यवस्थापकांना विचारलं की ही घसरगुंडी मुलांसाठी ठेवलीय का. ते म्हणाले, "मैडम, यह तो मोटरसाइकिल चढ़ाने के लिए है।" व्हीलचेअर? "कोई आता ही नहीं।"

विश्वनाथ धामात मात्र तिनं टेप बाहेर काढली आणि बराच वेळ काही बोलली नाही. १३ डिसेंबर २०२१ ला त्याचं उद्घाटन झालं. तीन हजार चौरस फुटांचं आवार होतं तिथं पाच लाखांचं झालं. रॅम्प आले, सरकते जिने आले. जुन्या गल्ल्या आणि घरं गेली याची हळहळ करणाऱ्यांचंही मी ऐकलंय, आणि ते खोटं बोलतात असं नाही. पण हळहळ करणारे सगळे पायी होते.

फजिती झाली ती दुसऱ्याच एका देवळात. दारावरच्या शिपायानं हात आडवा केला.

"इलेक्ट्रॉनिक सामान अंदर मना है। मोबाइल, घड़ी, रिमोट, बैटरी।"

"खुर्ची में बॅटरी है," आत्या खरं बोलणारी.

"तो लॉकर में रख दीजिए।"

"खुर्ची?"

"हाँ। आप जाइए।"

शेजारचा फुलवाला मदतीला धावला. त्याच्याकडे प्रसाद घेणाऱ्यांच्या चपला-मोबाइल फुकट ठेवण्याची सोय होती. खुर्चीचे वीस रुपये पडतील म्हणाला. मग एका वयोवृद्ध भक्ताला वेगळीच शंका आली: चाकं ही चपलांत धरायची की पायांत? चाकं शेणातून आलीत. "और आपका पाँव?" आत्यानं विचारलं. "हम धोकर आए हैं।" यावर लगेच तोडगा निघाला. दोन तांबे आले आणि चाकांना अभिषेक सुरू झाला. मोटरीत पाणी गेलं तर वॉरंटी जाते, असं मी सांगायला गेलो. तांब्यावाला म्हणाला, "भैया, गंगाजल से आज तक किसी का कुछ नहीं बिगड़ा।" मोटरीचंही बिघडलं नाही, हे कबूल करायला हवं. शिपायानंही, खुर्ची आता पवित्र झालीय म्हटल्यावर, ती इलेक्ट्रॉनिक असल्याचं सोडून दिलं.

बिघडवलं ते माकडानं. धर्मशाळेच्या सज्जात खुर्ची चार्जिंगला लावली होती आणि जॉयस्टिकच्या टोकाचं काळं रबरी बोंड त्याला जांभूळ वाटलं असावं. ते घेऊन माकड समोरच्या छतावर गेलं, चावून पाहिलं, आवडलं नाही, तरी परत दिलं नाही. उरली नुसती लोखंडी काडी. आत्याच्या बोटांत संधिवात, काडी धरता येईना. कंपनीच्या मदत क्रमांकावर गोड आवाजात सांगितलं गेलं की सुटा भाग येईल, पण पूर्ण कंट्रोलरसह येईल. किंमत ऐकून मी फोन खाली ठेवला.

खोजवाँ भागात लाकडी खेळणी करणारे कारागीर आहेत. चरखावर लाकूड फिरवायचं आणि फिरतं असतानाच त्यावर लाखेचा रंग चढवायचा; या खेळण्यांना भौगोलिक मानांकनही मिळालंय. तिथल्या एका म्हाताऱ्यानं काडी पाहिली, आत्याचा हात पाहिला, "हो जाएगा" म्हणाला आणि शेल्फवरच्या सिंधोऱ्याचं झाकण काढून खालून भोक पाडलं. सिंधोरा म्हणजे नवरीचा शेंदूर ठेवायची लाकडी डबी. झाकण लालभडक, वर पिवळी वेलबुट्टी, मुठीत बरोब्बर बसणारं. आयुष्यभर लग्नाला नाही म्हणालेली आमची आत्या उरलेली काशी सिंधोऱ्याचं झाकण हातात धरून फिरली, आणि दोनदा तरी बायकांनी तिला वाकून नमस्कार केला.

राहता राहिली सिढी. काशीला चौऱ्याऐंशी घाट. आत्यानं नावेतून ते पाहत जायचं ठरवलं, पण नावेपर्यंत जायचं तर पायऱ्या. तिनं हिशेब मांडला: घाट तीस फूट उतरतो असं धरू, एकास बारानं तीनशेसाठ फुटांचा रॅम्प, म्हणजे तो सरळ गंगेत बराच आत जाऊन संपेल. "नाव मग हवीच कशाला?" ती म्हणाली. पण तिला खरा राग होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. "अहिल्याबाई घाट कोणाचा? होळकरांचा. भोसले घाट? नागपूरकरांचा. राजा घाट पेशव्यांचा. शिंद्यांचा तो पलीकडे. सगळ्या पायऱ्या आपल्याच लोकांनी बांधून ठेवल्यात! तक्रार कोणाकडे करू?" शिंदे घाटापाशी रत्नेश्वराचं देऊळ कललेलं आहे. आत्यानं ते बराच वेळ न्याहाळलं. "अख्ख्या काशीत उतार असा मिळाला," ती म्हणाली, "तर तो देवळालाच."

नावेपर्यंत तिला कोणी नेलं हे सांगायला नको. आम्ही पायऱ्यांच्या वर पोचलो आणि चार तरुणांनी चार बाजूंनी खुर्ची उचलली. आत्या "नीचे रखो" म्हणत होती. ते "नीचे ही ले जा रहे हैं, माताजी" म्हणत होते. पाचवा पुढं चालत "बाएँ, बाएँ, सँभाल के" अशा सूचना देत होता, सहावा याचं चित्रण करत होता, सातव्यानं माझ्या हातातलं तिचं चष्म्याचं घर घेतलं, आपणही सेवेत सामील व्हावं म्हणून. खाली नेऊन ठेवल्यावर एकानंही पैशाला हात लावला नाही. वर आणणारे वेगळे चौघं होते, पण सूचना देणारा तोच.

"इतकी माणसं रोज घाटावर उचलाउचल करायला रिकामी," आत्या पुटपुटली, "तर यांनी एकदाच चार विटा उचलल्या असत्या तर?" मग जरा वेळानं म्हणाली, "पण मग दुसऱ्या दिवशी काय उचलतील?"

शेवटी कोणी तरी नमो घाट सांगितला. राजघाटच्या मालवीय पुलाजवळचा जुना खिडकिया घाट, नमस्कार करणाऱ्या हातांची मोठाली शिल्पं उभी केलीत तो. तिथं नदीकडे उतरायला रॅम्प आहे. आत्यानं टेप काढली, मान हलवली, टेप पर्समध्ये टाकली आणि झाकण पुढं रेटलं. सरळ नदीपर्यंत गेली, पाण्यात हात घातला, वळली आणि वर आली. कोणी ढकललं नाही, कोणी उचललं नाही. काठावर बसलेले तीन तरुण अर्धवट उठले होते. काम नाही हे पाहून त्यांचे चेहरे पडले.

मी रॅम्पच्या मध्यावर होतो. एका खांद्याला चार्जर आणि पावसाचं आवरण, दुसऱ्याला साड्या, तिसरा खांदा असता तर त्यालाही आत्यानं काही तरी दिलं असतं. सबंध मुक्कामात ती बसून होती आणि मी पायी. दोन्ही टाचांना फोड आले होते, आणि आदल्या रात्रीच्या ठंडाईत काय होतं कुणास ठाऊक, रॅम्प मला एकास बारापेक्षा चढा वाटत होता. मी थांबलो, गुडघ्यांवर हात टेकले.

तिघांनाही एकदम जाग आली. दोघांनी माझे दंड धरले, एकानं पाठीला हात लावला.

"नहीं नहीं, मैं अपने आप..." मी म्हणालो.

"आराम से, अंकल।" मग माझ्या डोक्यावरून, वर थांबलेल्या आत्याला: "माताजी, इनको क्या हुआ है?"

"बचपन से ऐसाच है," आत्या म्हणाली.

त्यांनी मला वर आणून कट्ट्यावर बसवलं. एकजण चहावाल्याला हाक मारत होता. पुन्हा आत्यालाच विचारलं, "अंकल चाय पिएँगे?"

"पिएगा. साखर आधा चमचा."

कुल्हड आला. तो मुलगा माझ्या समोरून गेला आणि त्यानं तो आत्याच्या हातात दिला.

"धीरे-धीरे पिला दीजिएगा, माताजी। गरम है।"